खुणेच्या वरचं पाणी

वजनमापं तपासण्यात ज्यांची हयात गेली, त्या निरीक्षकांनी निवृत्त झाल्यावर बैठकीच्या खोलीत सहाशे लिटरची काचेची टाकी बसवली आणि खाऱ्या पाण्यातला ट्रिगर मासा पाळला. हातभर लांब, अंगाने चपटा, ओठांबाहेर दात आलेला. सोबतीला सोडलेले तिन्ही मासे त्याने आठवड्यात फस्त केले. काच पुसताना निरीक्षकांच्या अंगठ्याचाही लचका तोडला. बायको त्याला 'भाऊजी' म्हणायची.

"माझ्या धाकट्या दिरासारखाच आहे. घरात दुसऱ्या कुणाचं म्हणून चालू द्यायचं नाही!"

टाकीतल्या पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. म्हणून निरीक्षक रोज सकाळी काचेवरच्या खुणेपर्यंत गोडं पाणी ओतायचे. एका सोमवारी ओतायची गरजच पडली नाही. पाणी खुणेच्या दोन बोटं वर होतं.

"तू ओतलंस का गं?"

"मी? भाऊजींच्या वाऱ्याला तरी उभी राहते का मी?"

त्यांनी खारेपणा मोजला. गोड्या पाण्याची भर पडली असती तर तो उतरायला हवा होता. तो जसाच्या तसा होता. म्हणजे पाणी वाढलं नव्हतं. पाण्यात काहीतरी आलं होतं.

टाकीत तर मासा एकटाच. तोही उजव्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे अंग चोरून. निरीक्षकांनी कोळंबीचा तुकडा डावीकडे टाकला. मासा हलला नाही. तुकडा सावकाश खाली जाऊ लागला आणि अर्ध्या वाटेवर दिसेनासा झाला.

त्यांनी चष्मा पुसला. दुसरा तुकडा टाकला. तोही तिथेच गेला, त्याच उंचीवर.

गुरुवारी पाणी चार बोटं वर होतं आणि माशाची अर्धी शेपूट नव्हती.

"काढा हो त्याला," बायको म्हणाली. "दुष्ट असला म्हणून काय झालं? जीव आहे तोही."

तिनेच जाळं धरलं. ज्याच्या धाकाने ती टाकीला वळसा घालून जायची, तो मासा आपणहून तिच्या जाळ्यात येऊन बसला.

मासा परत घेताना दुकानदाराने त्याला उलटंसुलटं करून पाहिलं. "चावा मोठा आहे. याच्याहून दांडगं काय ठेवलंय घरात?"

"काही नाही," निरीक्षक म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी खात्री न करता उत्तर दिलं.

घरी येऊन त्यांनी नळी लावली आणि सगळं पाणी न्हाणीघराच्या मोरीत सोडून दिलं. तळाची वाळू मूठ मूठ चाळली. हाताला काही लागलं नाही. त्या संध्याकाळी दोघं कितीतरी दिवसांनी निवांत जेवली.

सकाळी बायको अंघोळीला गेली. निरीक्षक पेपर वाचत होते.

"अहो," आतून तिचा आवाज आला, "अर्धी बादली भरून मी नळ बंद केला होता. काठोकाठ कशी भरली?"

निरीक्षक ताडकन उठले. "हात घालू नकोस!"

"काय म्हणालात?"

"अगं, बाहेर ये आधी!"

त्यांनी दार ढकललं. आतून कडी होती.

पाण्यात तांब्या बुडवल्याचा आवाज आला. वर काढल्याचा आला नाही.