सुटला

साहेबांचा दुरुस्त झालेला चष्मा पोचवायला मी त्यांच्या खोलीवर गेलो होतो. एवढंच काम.

आमचे साहेब म्हणजे तपासातला मुरलेला माणूस. बायको गेल्यापासून एकटेच. नोकरी संपत आलेली, तेवढ्यात चौकशीला आणलेलं एक पोर आमच्या कोठडीत मेलं. मारणारे दुसरेच, पण वरून हुकूम आला की ब्र काढायचा नाही, बेवारस म्हणून उरकून टाका. साहेबांनी उरकलं.

ठाण्याच्या फाटकाशी त्या पोराची आई उभी होती. साहेब तिच्यापाशी गेले आणि खाली बघत म्हणाले, "सुटला हो तो, मावशी."

बाईने हात जोडले आणि लगबगीने घरी गेली, पोराला गरम जेवायला घालायला. माझं डोकंच फिरलं. हे काय बोललात, असं मी विचारलं, तर म्हणे, यात खोटं काय आहे? मेलेल्यालाही आपण सुटलाच म्हणतो की!

दुसऱ्या दिवशी मावशी परत आली. पोरगा घरी पोचलाच नव्हता. तेव्हापासून ती ठाण्याच्या पायरीवर बसून आहे, आणि साहेब रजेवर.

खोलीचं दार वाजवलं तर साहेब स्वतःच बाहेर आले. मागून फिनेल आणि ओल्या घोंगडीचा वास आला, आमच्या कोठडीचा. आत टेबलावर दोन ताटं वाढलेली दिसली.

"हळू बोल," साहेब कुजबुजले. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

कुणाचा, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, "साहेब, ती बाई अन्नाला शिवत नाही. खरं सांगून टाका."

"मी सांगणारच होतो रे... तोच नको म्हणतो. आई खचेल म्हणतो. राहू दे त्याला इथेच. मलाही... घरात कुणीतरी आहे आता."

किती वर्षांनी त्यांना हसताना पाहिलं मी.

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे दार लागलं. आतून कडी सरकली.

साहेबांनी हलकेच थाप मारली. "उघड रे बाळा... मीच आहे."

मग अगदी दाराला तोंड लावून कुणीतरी बोललं.

"आधी आईला सांगा."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली. कोठडीवर पहारा माझाच असायचा. पाणी मागणारा तो आवाज मी ओळखला होता.