मालकानेसुद्धा

बाटी.

माऊसच्या फटीत अडकलेला कापूस. डिसेंबरात पांढरकवड्यात कापूस कुठेही शिरतो… केसांत, चहात, यंत्रांत. भाव तेवढा कुठून येत नाही.

जफरचाचांच्या बॅटरीच्या दुकानातली पाटी : 'चार्जिंग चालू आहे. हात लावू नये. मालकानेसुद्धा.'

'परवानगी नाही.' शीलाने हे दोन शब्द जन्मभर ऐकले. गोड लागले ते एकदाच.

साय धरलेला चहा.

*

चहापासून सुरू करू, कारण भांडण तिथून सुरू झालं.

तांड्यावरून येणारी काळीपिवळी जीप शीला राठोडला हैदराबाद रोडवरच्या एका हॉटेलापाशी सोडायची. त्या सकाळी ती उतरली आणि आतल्या टीव्हीतून तिला स्वतःच्या काकीचा आवाज ऐकू आला. रुक्माबाईचा. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, दबक्या सुरात. खाली लालभडक अक्षरं : 'नवरा गेला त्याच दिवशी दाल-बाटी!'

शीला तशीच आत धावली.

काका गेला त्या दुपारी घर माणसांनी भरलं होतं. ती वर्षंच तशी होती. कापसाच्या पट्ट्यात आठवड्याला एखादं घर असं भरायचं. काकी दोन दिवसांची उपाशी. चुलीमागे बसून तिने एक बाटी खाल्ली, आणि मग बाहेर येऊन रडली. बाटी म्हणजे भाकर. तांड्यात भाकरीला बाटीच म्हणतात… ज्वारीची, कालची, सुकी. ही गोष्ट तिने एकाच माणसाला सांगितली होती : शीलाला, संस्थेच्या खोलीत, दार लावून, रेकॉर्डरसमोर. कर्जापायी जीव दिलेल्यांच्या बायांनी मनातलं बोलावं, म्हणून तर ती संस्था होती, आणि ते टिपून घेणं हे शीलाचं काम. आणि स्टुडिओतल्या कुण्या शहाण्याने 'बाटी' ऐकलं आणि त्याच्या तोंडाला तूप सुटलं!

"बंद करा ते!" शीला ओरडली.

"ओ ताई, गिऱ्हाईक पाहून राह्यले ना," हॉटेलवाला म्हणाला.

तेवढ्यात इन्व्हर्टरची बॅटरी घेऊन आलेला एक उंच पोरगा बाकावर चढला. त्याने टीव्हीची वायर धरली, ओढली. पडदा काळा.

"लूज होती," तो निर्विकारपणे म्हणाला. "आता जरा जास्तच लूज झाली."

शीलाला हसू आलं असतं… दुसऱ्या कुठल्याही दिवशी. तिने हॉटेलवाल्याला सांगितलं, "ह्या भाऊले एक चहा द्या."

चहा आला. पोरग्याने कपाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. कपाला हात लावला नाही.

"घ्या ना."

"नको… राहू द्या."

"काहून? बंजाऱ्याच्या पोरीनं सांगतलेला चहा घशाखाली उतरत नाही का?"

त्याने तोंड उघडलं. पण शीलाच्या बोलण्यात फट सापडायला नशीब लागतं. "राहू द्या म्हणे! वायर ओढायले पुढं, अन् चहा प्यायले सोवळं!" ती ताडताड निघून गेली. मागे चहावर साय धरली.

*

संस्थेत त्या दिवशी सगळ्या बायांना बोलावलं होतं. रुक्माबाई आली नव्हती. बोंद्रे सर, संस्थेचे प्रमुख, घसा खाकरून म्हणाले, "कॉम्प्युटरमधल्या चॅटमधून फाईल बाहेर गेली असं दिसतं. व्हायरस असेल. किंवा…" आणि त्यांनी शीलाकडे पाहिलं. फक्त पाहिलं. तेवढं पुरलं. बाया तिच्याकडे बघेनाशा झाल्या.

बसंतीबाई उठली. "माहा आवाज कुठं हाय सर? थो बी टीव्हीत येनार का?"

सरांनी छातीवर हात ठेवला. "आजपासून हे आवाज त्या चॅटमधून कुणीही बाहेर काढू शकणार नाही. मी तशी व्यवस्था करवतो. कुणीही नाही! अगदी माझ्यासकट!"

बायांनी टाळ्या वाजवल्या. सरांना टाळ्या आवडायच्या.

दुपारी व्यवस्था करणारा माणूस आला. उंच. हातात स्क्रू-ड्रायव्हर. जफरचाचांचा धाकटा, रिजवान. ट्रकची वायरिंग करता करता कॉम्प्युटरकडे वळलेला.

"तुम्ही?" शीला म्हणाली.

"वायर लूज आहे म्हणे इथं," तो म्हणाला.

*

बैठक : येऊ द्या.
ओसरी : येऊ द्या.
चूल : नको.

रिजवानने तिला समजावलं ते असं. चॅट म्हणजे पाहुणा. नागपूरच्या ऑफिसशी बोलायला ठेवलेला. पण कॉम्प्युटर त्याला घरचाच समजतो, म्हणून तो सगळीकडे हिंडतो. फोटो, हिशेब, आवाजांचं कपाट. आता त्याच्याभोवती कुंपण घालायचं. कुठं जायचं ते लिहून द्यायचं. जे लिहिलं नाही, ते बंद.

"म्हणजे कुलूप," शीला म्हणाली.

"नाही. कुलपाची चावी मालकाजवळ असते. मालकानं चॅटले म्हटलं, जा कपाटात, तर तो जाते. इथं मालकानं म्हटलं तरी मशीन चॅटले जाऊ देत नाही. आमच्या चाचांच्या पाटीसारखं." तो वडलांना चाचाच म्हणायचा, सगळं गाव म्हणायचं म्हणून.

"मग लाव ना आताच. वाट कोनाची पाहून राह्यला?"

"घाई केली तर पाहुणा बैठकीतही बसणार नाही, अन् सर मले शिव्या घालतील. आधी काही दिवस 'तक्रार' लावतो. म्हणजे तो कुठंही जाईल, अडवायचं नाही, फक्त कुरकुर करायची… हा इथं गेला, हा तिथं गेला. सगळं कळलं की मग 'अंमल'. मग कुरकुर नाही. सरळ दार बंद."

"आमची अख्खी जात पिढ्यान् पिढ्या तक्रारीतच आहे," शीला म्हणाली. "अंमल कधी लागला नाही."

तो हसला नाही. म्हणून ती त्याच्यावर थोडी कमी चिडली.

तो रोज दुपारी येऊ लागला. ती त्याला चहा विचारत नसे. शिपाईण सगळ्यांना कप द्यायची, रिजवानपाशी आली की शीला म्हणायची, "त्यांले नको, थे सोवळ्यातले आहेत."

"आज पितो ना मी."

"आज नाही."

"मग कधी?"

"लिहिलेलं नाही," ती म्हणायची. "जे लिहिलं नाही, ते बंद."

तो माऊस उलटा करून त्यातला कापूस काढत बसायचा. गरजेपेक्षा जास्त वेळ. "शीलाताई—"

"ताई?"

"तुम्ही मले भाऊ म्हणता, मग मी काय म्हणू?"

"मग काय म्हणू तुले?"

"भाऊ सोडून काहीही…" आणि त्याचे कान लाल झाले.

पण संध्याकाळी ती तांड्यावर परतायची आणि सगळं कडू व्हायचं. पोरं रुक्माबाईच्या दारावरून ओरडत जायची, "दाल-बाटी! दाल-बाटी!" काकी शीलाला पाहून दार लावून घ्यायची. त्या दाराशी शीला रोज उभी राहायची, आणि रोज तिला कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटायचं. कुणाचं, ते कळत नव्हतं.

*

अंमल लागला. रिजवानने कुंपण काढायचा पासवर्ड कुणाला सांगू असं विचारलं तेव्हा सर म्हणाले होते, "ते तांत्रिक मला नको. शीलाला सांग."

दोन दिवसांनी सरांच्या केबिनमध्ये एक पाहुणा आला. सेंटचा वास, गळ्यात चॅनलचं ओळखपत्र. बाहेर बाया बसल्या होत्या. दार उघडंच होतं.

"काय लावलंय हे!" आतून सर ओरडले. "फाईल जातच नाही! नुसतं 'परवानगी नाही, परवानगी नाही'! शीला!"

शीला दारात गेली. तिने पडदा पाहिला. चॅटची खिडकी, समोर त्याच पाहुण्याचं नाव, आणि बसंतीबाईच्या आवाजाची फाईल अधांतरी. सरांना फाईल पाठवायचा तेवढाच एक रस्ता माहीत होता.

'परवानगी नाही.'

एखाद्याने दहीसाखर हातावर ठेवावी तसे ते शब्द तिला लागले.

"कोनती फाईल सर?" ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली. "बसंतीबाईची? रुक्माबाईची गेली तशी?"

बाहेर बांगड्या वाजल्या. बसंतीबाई दारात येऊन उभी राहिली, तिच्यामागे सगळ्या.

सरांनी फोन करून रिजवानला बोलावलं. "काढ ते. आत्ता. मी मालक आहे इथला!"

"काढता येते सर," रिजवान हळूच म्हणाला. "पण लावा म्हणून तुम्ही सगळ्यांसमोर सांगतलं होतं. माझ्यासकट म्हणाले होते. आता काढा म्हणूनही सगळ्यांसमोर सांगा."

"मी तर टाळ्या बी वाजवल्या होत्या," बसंतीबाई म्हणाली.

सर बायांच्या प्रसिद्धीबद्दल, निधीबद्दल, समाजाच्या हिताबद्दल बोलले. शीलाने ऐकून घेतलं नाही. रिजवान कॉम्प्युटरसमोर बसला, ती शेजारी, आणि तिने एकेकीला विचारलं : ठेवू की पुसू? जिने पुस म्हटलं तिचा आवाज पुसला. बहुतेकींनी पुस म्हटलं. सर बघत राहिले.

"उद्यापासून येऊ नकोस," ते शेवटी शीलाला म्हणाले. "आणि तूही रे."

"परवानगी आहे ना?" शीलाने विचारलं, आणि चप्पल घातली.

*

बातमी तिच्या आधी तांड्यावर पोचली होती. रुक्माबाईचं दार उघडं होतं. शीला चुलीपाशी जाऊन बसली. काकीने तव्यावरची बाटी ताटलीत टाकली, वर मिरचीचा ठेचा.

"खा."

"काकी, मी नव्हतं दिलं गं…"

"खा म्हनते ना. भूक लागते बेटी. मानूस गेलं तरी लागते. थे सांगायले मी काहून लाजू?"

शीलाने बाटी खाल्ली. रडत, नाक पुसत, पूर्ण.

*

दुसऱ्या दिवशी ती जफरचाचांच्या दुकानात गेली. पाटीखाली रिजवान तारा सोलत होता. चाचा तिला पाहून म्हणाले, "या बेटा," आणि लगेच त्यांना बाहेर उभ्या ट्रकमध्ये काहीतरी महत्त्वाचं काम आठवलं.

"काम गेलं तुझं," ती म्हणाली.

"तुमचंही."

"माह्यामुळं."

"पाटीमुळं," तो म्हणाला. मग तारा खाली ठेवल्या. "शीला… मले एक विचारायचं होतं. म्हणजे… आत यायचं असंल तर… मले कुठपर्यंत परवानगी आहे?"

रस्त्यावरून कापसाचा ट्रक गेला. त्यातला एक बोंडाएवढा पुंजका उडत आला आणि त्याच्या खांद्यावर बसला. तिने तो काढला नाही. बघत राहिली.

"तांडा बोंबलेल," ती म्हणाली.

"मोहल्लाही."

"बोंबलू दे. आजवर आपल्यालेच गप्प बसवलं सगळ्यांनी." तिचा आवाज अजून रागाचाच होता, तिला दुसरा आवाज येतच नव्हता. "बैठकीपर्यंत. लिहून ठेव."

"अन् चूल?"

"चुलीपाशी नाही… अजून."

"'अजून' पण लिहू का त्यात?"

तिने त्याच्या खांद्यावरचा कापूस काढला. "लिही."

समोरच्या टपरीवरून तिने चहा मागवला. दोन. त्याच्या हातात कप दिला आणि टक लावून पाहत राहिली. त्याने फुंकर मारली नाही, थांबला नाही, एका दमात प्याला. जीभ भाजली असणार.

"मग त्या दिवशी काहून नाही घेतला?"

"सांगतलं असतं तर तुम्ही भांडायच्या थांबल्या असत्या," रिजवान म्हणाला.

हॉटेलात बॅटरी घेऊन आला त्या दिवशी मोहरमची दहा तारीख होती, आणि त्याचा रोजा होता.