बोटीवरचा चौथा

मला अडाणी म्हणा, चालेल. सातवी नापास आहे, त्याची लाज नाही मला. पण पोरीला मी घाबरवलं, असं जे आमचे चिरंजीव नरेंद्र फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटलेत, ते साफ खोटं आहे. जरा जवळ बसा. तो दिवा राहू दे तसाच. काय झालं ते माझ्याकडून ऐका.

तीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात चौकीदार होतो. कालव्याची दारं उघडायची, बंद करायची. म्हणून नरेंद्रला वाटलं, आबांना इथला कालवा दाखवू. तो इथं अमेरिकेत रॉचेस्टरला राहतो, जवळच जुना एरी कालवा आहे. तीन दिवसांसाठी बोट भाड्यानं घेतली. स्वयंपाकघर, संडास, सगळं बोटीत. तो, सूनबाई ज्ञानदा, नऊ वर्षांची नात अनिका आणि मी, असे चौघं जायचं ठरलं होतं. निघायच्या सकाळी ज्ञानदाच्या ऑफिसात काहीतरी बिघडलं, तिचं येणं कॅन्सल.

मी म्हटलं, "नऱ्या, तिघांनी निघू नये."

"आबा, यार, आता हे नको."

नको तर नको. पण आमच्याकडची रीत आहे. तिघंच निघणार असतील तर एक दगड बरोबर घ्यायचा, चौथा म्हणून. काम झालं की होता तिथं नेऊन ठेवायचा. फुकटची रीत, कुणाचं काय जातं? पण बोटीच्या धक्क्यावर दगड सापडेना. नुसती हिरवळ. या देशात दगडसुद्धा दुकानातून पोत्यानं आणतात.

पहिल्या लॉकवर मिळाला. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. दोन दारांमध्ये खोल हौद, बोट आत घ्यायची, दारं लावायची, हौदातलं पाणी सोडायचं की बोट खाली उतरते. त्या नव्या लॉकशेजारी जुना लॉक होता. शेदीडशे वर्षांचा, कोरडा, आत झाडं माजलेली. नंबर लागेपर्यंत मी तिथं उतरलो. आत थंडगार. ओल्या चुन्याचा आणि कुजक्या दोराचा वास. भिंतीतून निखळलेला एक काळा दगड उचलला आणि म्हटलं, "चल बाबा, तू चौथा." म्हणायचं असतं तसं.

अनिकाला गंमत वाटली. तिनं दगडाला आईचं लाइफ जॅकेट घातलं, बाकावर बसवलं, पुढ्यात बिस्किट ठेवलं.

आता नीट ऐका. लॉकच्या भिंतीवरून दोर लोंबत असतात. एक बोटीच्या पुढच्या टोकाला धरायचा, एक मागच्या. हातात धरायचा आणि पाणी उतरेल तसा सोडत जायचा. गुंडाळायचा नाही, नाहीतर बोट खाली जाते आणि दोर वर ओढतो. मागचा दोर नरेंद्रकडे, पुढचा माझ्याकडे असं ठरलेलं. पण ऐन वेळी माझा गुडघा धरला. आत बाकावरून उठताच येईना. बोट लॉकमध्ये गेली, पाणी उतरलं, दारं उघडली, आम्ही बाहेर. बोट भिंतीला चिकटून, जरासुद्धा हलली नाही.

नरेंद्र मागून ओरडला, "आबा, पुढचा दोर एक नंबर धरलात!"

मी म्हटलं, "मी? मी इथं बसलोय."

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मी का थट्टा करू?

दुसऱ्या लॉकपाशी पोचलो आणि पाऊस सुरू झाला. साधा नाही. कालव्याचं पाणी चढलं, लॉक बंद झाले. लॉकवाली बाई छत्री घेऊन आली. म्हणाली, पाणी उतरेपर्यंत इथंच भिंतीला बांधून थांबा. वहीत बोटीचं नाव लिहिलं, माणसं चार लिहिली.

मी नरेंद्रला म्हटलं, "सांग तिला, तीन."

त्यानं सांगितलं. बाई पुढच्या टोकाकडे बघत म्हणाली, "त्या गृहस्थांना आत बोलवा. भिजतायत."

पुढं कोणी नव्हतं.

दोन दिवस तिथं अडकलो. दुपारीसुद्धा दिवे लावावे लागत. पाऊस थांबला की पुढून आवाज येई... ओला दोर कोणीतरी हळूहळू वेटोळं करत असल्यासारखा. बोटीत तो चुन्याचा वास भरला. दगडाखालचा बाक सतत ओला. मी चकार शब्द काढला नाही. काढला का? नाही. बोलली ती अनिका.

"डॅडी, ही इज सो कोल्ड. त्याला घरी जायचंय."

"कोणाला?"

"चौथ्याला."

झालं! खापर माझ्यावर. "आबा, काय भरवताय तिच्या डोक्यात?" मी म्हटलं, मी काय भरवतोय, मी बिस्किटंसुद्धा भरवली नाहीत. त्याचा तोल गेला. दगड उचलला आणि दाणकन कालव्यात फेकला. लाइफ जॅकेट हातात राहिलं, त्यातून पाणी ठिबकत होतं.

"अरे, बोलावून आणलेल्याला असं हाकलतात का?" मी ओरडलो. "त्याला जागेवर पोचवायचं असतं!"

"बस झालं, आबा!"

तिसऱ्या दिवशी दुपारी लॉक उघडला. आभाळ तसंच काळं. नरेंद्रला सोमवारचं ऑफिस दिसत होतं, घाई. "पुढचा दोर धरा, आबा." मी गुडघा घासत निघालो, पण अनिका माझ्याआधी धावली. दोर पकडला आणि नीट धरायचा म्हणून मनगटाला दोन वेढे घेतले. लेकराला काय माहीत! पाणी सुटलं. लॉकचं पाणी झरझर उतरतं. बोट खाली चालली, दोर वर राहिला.

"आबा... माझा हात..."

ती चवड्यांवर आली. मग नुसत्या बोटांवर. मी चार हात लांब, पाय उचलत नाही. मागून नरेंद्रला काही दिसत नव्हतं, इंजिनच्या आवाजात ऐकूही येत नव्हतं. काय करणार होतो मी? ओरडलो, "अरे चौथ्या! पोरीचा दोर सोड. तुला तुझ्या जागी पोचवतो, माझा शब्द!"

वेढे सुटले. सुटले म्हणजे निसटले नाहीत. एक उलगडला, मग दुसरा. सावकाश. सराईत हातानं सोडावेत तसे. अनिका माझ्या अंगावर पडली. मनगट सोलवटलं होतं, आणि वर दंडाला चार बोटांचे ओले डाग. चुन्याचे. माझे हात कोरडे होते.

नरेंद्रला सगळं सांगितलं. म्हणाला, "दोर स्लिप झाला, आबा. नशीब."

पुढच्याच धक्क्यावर बोट परत करून, बोटवाल्यांनी तिथं आणून ठेवलेल्या गाडीत बसलो. मी पुढं नरेंद्रशेजारी, मागं अनिका. गाडी सुरू केली तशी टिंग टिंग वाजायला लागली. मागच्या सीटवर कोणीतरी पट्टा लावला नाही म्हणे.

"अनिका, बेल्ट."

"लावलाय, डॅडी."

टिंग टिंग चालूच. मग अनिकानं हात लांब करून शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि लावला. आवाज बंद.

नरेंद्र म्हणाला, सेन्सर गेलाय. गॅरेजवाल्यानं तपासला, सेन्सर ठणठणीत. मी रोज सांगतो, मला त्या जुन्या लॉकवर घेऊन चल. दगड मिळणार नाही, पण त्याला त्याच्या दारात उतरवून येऊ, माझा शब्द गेलाय. सव्वा तासाचा रस्ता. मला इथं गाडी चालवता येत नाही, नाहीतर कुणाच्या पाया पडलो नसतो. "टाइम नाही, आबा. आणि ही अंधश्रद्धा बंद करा." असं म्हणणारा हा शहाणा सकाळी एकटा ऑफिसला निघताना आधी मागचं दार उघडतो आणि रिकाम्या सीटचा पट्टा लावतो. मी खिडकीतून बघतो. वर तोंड करून सांगतो, आबा घाबरवतात!

या सोमवारपासून अनिकाची स्कूलबस बंद झाली. आता नरेंद्रच तिला सोडतो. पहिल्या दिवशी त्यानं नेहमीसारखा पट्टा लावला, अनिकाचा लावला, गाडी सुरू केली. टिंग टिंग. उतरला, दोन्ही पट्टे ओढून बघितले. टिंग टिंग. मग मागच्या तिसऱ्या सीटचाही लावला, तेव्हा कुठं गाडी गप्प झाली.

बरोबरच आहे. नरेंद्र, अनिका आणि तो. तिघं झाले. तिघांनी निघू नये, एवढं त्या चौथ्यालाही कळत असणार. त्यानंही कुणाला तरी बरोबर घेतलं.

आज सकाळी निघाले तेव्हा अनिका मधल्या सीटवर सरकून बसली होती. दोन्ही हात दोन्ही बाजूंना, जरा वर उचललेले... कोणीतरी धरावेत तसे.