पाच प्रती, अकराशेचे स्टिकर

संगमनेरच्या बसस्टँडजवळ माझं पुस्तकांचं दुकान आहे. बहात्तरच्या दुष्काळावरच्या जाडजूड, पुठ्ठा बांधणीच्या इतिहासाच्या पाच प्रती सात वर्षं माझ्याकडे पडून होत्या. छापील किंमत चारशे. नवी आवृत्ती अकराशेला आली, तेव्हा मी जुन्यांवरही अकराशेचे स्टिकर डकवले. आमच्या धंद्यात सगळेच डकवतात, आणि सगळे करतात त्याचं पाप वाटत नाही.

भिमाजीबाबा शेजारच्या अकोले तालुक्यातले, सत्तरीचे. बाजाराच्या दिवशी यायचे, एक प्रत काढायचे आणि एकाच पानावर थांबायचे. त्यावर खडी फोडणाऱ्या बायांचा फोटो होता. डावीकडून तिसरी त्यांची आई, चांगुणा. घरात तिचा दुसरा फोटो नव्हता. मोबाईलवर काढून देतो म्हणालो, तर हसून नको म्हणाले.

एकदा त्यांनी नखानं स्टिकरचा कोपरा उचलला.

"शेठ, खाली चारशे हायेत. तेवढे आनलेत."

"बाबा, कागद महागलाय," मी म्हणालो. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही, हे कळत होतं, तरी मी हटलो नाही.

"बरं," म्हणाले. पुस्तक जागेवर नीट लावून गेले, ते परत आलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी समोरचा चहावाला फैयाज म्हणाला, "कल्याणशेठ, भिमाजीबाबांना पुस्तक दिलंत, बरं केलं. स्टँडवर समद्यांना दाखवत हुते." मला वाटलं, टोमणा मारतोय.

पुढच्या बाजारी त्यांच्या गावच्या भाजीवालीनं पैसे न घेता मेथीची जुडी हातात ठेवली. "तुमच्यामुळं भिमाजीबाबांची आई घरी आली," म्हणाली. दुकानात येऊन मी फळी पाहिली. पाचही प्रती होत्या, पाचांवर स्टिकर होते. ती मेथी माझ्या घशाखाली उतरली नाही.

शेवटी एका प्रतीचा स्टिकर सोलला आणि ती पिशवीत घालून सकाळीच त्यांच्या वस्तीवर गेलो. पैसे घ्यायचेच नाहीत असं ठरवलं होतं. दारात त्यांची लेक सविता भेटली. बाबांना जाऊन आठ दिवस झाले होते.

आत कोनाड्यात तेच पुस्तक, त्याच पानावर उघडं होतं.

पानात बिल होतं. माझ्या दुकानाचं, चारशेचं. तारीख मी नाही म्हणालो त्याच दिवसाची. अक्षर माझं.

"लई समाधानानं गेले," सविता म्हणाली. "तुमचे उपकार हायेत."

मी पिशवी पाठीमागे धरली. मला रडू आलं. खरोखरच दिलं असतं तर काय बिघडलं असतं माझं?

तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. घेताना तिची बोटं माझ्या हाताला लागली आणि ती थबकली.

"बाबा म्हनायचे, शेठनी हाताला धरून यष्टीत बसवलं, पर त्यांचा हात बर्फावानी गार हुता," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "तुमचा तर गरम हाय."