पुसलेला थेंब

अपोंदी त्या दिवशी खुशीत होती. दुपारपर्यंत डासांचा ट्रे उरकायचा आणि लेकराला घेऊन बाजारात जायचं. किसुमूला तळ्याकाठच्या प्रयोगशाळेत तिचं रोजचं काम हेच. नळीत डास चिरडायचा, तापल्या ठोकळ्यावर कढत ठेवायचा, यंत्रात गरगर फिरवायचा, मग सुटलेल्या पाण्याचा एक थेंब दुसऱ्या यंत्रावर ठेवून त्यात डीएनए किती ते मोजायचं.

एका नळीतला डास कुजल्याचं तिने कालच पाहिलं होतं. ट्रे अपुरा दिला तर साहेब ओरडणार. म्हणून पहाटे लेकराच्या, ओकेलोच्या मच्छरदाणीत सापडलेला, त्याचं रक्त पिऊन टम्म फुगलेला डास तिने डबीतून आणला होता. तोच नळीत टाकला. दांडी दाबली.

कच्च...

एवढ्याशा जिवाचा एवढा आवाज?

फोन थरथरला. सासूबाई होत्या.

“ओकेलोची आई... अगं, पोराचा हात मोडला. कुणी शिवलंसुद्धा नाही गं. माझ्या डोळ्यांदेखत... कच्चकन.”

अपोंदी ट्रे सोडून उठली. तिच्या जोडीला काम करणारा ओचोला हसला. “तू बस फोनवर संसार करत! मी लावतो ट्रे.”

थोड्या वेळाने फोनमधून ओकेलोची किंकाळी आली.

“फोड येताहेत गं! चुलीपाशी नाही, पाण्यापाशी नाही... अंगभर फोड!”

अपोंदीने वळून पाहिलं. कढत ठोकळ्यावरून ओचोला ट्रे उचलत होता.

“ती नळी दे...”

“थांब की, फिरू दे आधी.”

यंत्र घुमू लागलं. फोनमध्ये धप्प... धप्प...

“भिंतीवर आपटतंय कुणीतरी त्याला... दिसत नाही गं...”

ती यंत्रावर झेपावली. ओचोलाने कमरेला मिठी घातली, तशी तिने त्याच्या मनगटाचा लचका तोडला. झाकण उचकटलं. चाक अजून फिरत होतं. दोन नखं मुळासकट उपटली, पांढऱ्या फरशीवर रक्त शिंपडलं. पण नळी हाती आली.

ओचोलाने ती हिसकावली. “वेड लागलं तुला! डास आहे हा. बघ, तुझ्यासमोर मोजतो.”

त्याने थेंब ठेवला. आकडा आला. डासाएवढाच.

“पटलं?” म्हणत त्याने थेंब कागदाने पुसला आणि कागद कचऱ्यात टाकला.

फोनमधली ओकेलोची किंकाळी मधेच तुटली.

नळी परत हिसकावून, छातीशी धरून अपोंदी घरी धावली. ओकेलो जिवंत होता. तोंड वासून रडत होता, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पण आवाज नव्हता. ती तशीच थेंब पुसलेल्या कागदासाठी माघारी पळाली. तोवर कचरा भट्टीत गेला होता.

हाड जुळलं, फोड सुकले. ती नळी अपोंदी अजून कमरेला गुंडाळलेल्या लेसोच्या कापडात बाळगते; गार करायची भीती, तापवायची भीती. ओकेलो मात्र मुकाच राहिला. आणि भट्टीची राख टाकतात त्या खड्ड्यातून भर उन्हात एक पोर रडतं. ओचोला काम सोडून गेला.

परवा ती ओकेलोला घेऊन तिकडून चालली होती. रडणं एकदम थांबलं. राखेतून कुणीतरी हळूच, ओकेलोच्याच आवाजात म्हणालं, “आई... मला कडेवर घे ना.”

तिचं पाऊल आपसूक वळलं. तसा ओकेलोने तिच्या कमरेचा लेसो दोन्ही मुठींत आवळला आणि भेदरून, जोरजोरात नकारार्थी मान हलवू लागला.