दुपारी केलेली रात्र

ही घडलेली गोष्ट आहे. मी ती ऐकलेली नाही, मी तिथं होते. माझ्या खालच्या जबड्यात उजवीकडं दोन दात नाहीत, ते त्या दिवशी गेले.

साल १९७८. हिवाळा. जागा खुलताबादची, गावाच्या तटाबाहेर टेकडीवर असलेला दगडी बंगला. लोक त्याला हकीमाचा बंगला म्हणायचे.

वेळ रात्रीची होती असं म्हणता येणार नाही.

बाहेर भर दुपार होती. आत रात्र होती... ती आम्हीच केली होती.

झालं असं, की पुण्याहून पळशीकर सर नावाचे दिग्दर्शक आमच्या औरंगाबादला सिनेमा करायला आले. नाचगाण्याचा नाही. तेव्हा त्याला समांतर सिनेमा म्हणायचे. पैसा कमी, म्हणून नट इथलेच घेतले, नाटकं करणारे. मी बावीस वर्षांची होते, नाव द्वारका. कॉलेजच्या नाटकांत बक्षिसं मिळवलेली. वडिलांची समजूत घालता घालता नाकीनऊ आले, पण शेवटी हो म्हणाले.

सिनेमा एका लेखकाचा आणि ज्या बाईमुळं त्याला लिहिणं सुचायचं त्या बाईचा. ती बाई मी.

लेखक झाले होते बद्रीनाथ. बँकेत नोकरीला. इतका मऊ माणूस, की नाटकात खोटी तलवार उचलतानासुद्धा समोरच्याला आधी "सांभाळा हं" म्हणायचे. नवीन लग्न झालेलं. डब्यातली पहिली पोळी मला द्यायचे.

गोष्ट सरांनी मनानं रचलेली नव्हती. निजामाविरुद्धच्या पोलिस ॲक्शननंतर काही वर्षांनी एक लेखक खरंच त्या बंगल्यात येऊन राहिला होता. तिथं त्याला एक धनगराची बाई भेटली. तिच्यावर त्यानं पुस्तक लिहिलं. पुस्तकात शेवटी ती तापानं मरते. सरांना ते पुस्तक फार आवडायचं. म्हणून शूटिंगसुद्धा त्याच बंगल्यात, त्याच खोलीत.

बंगला राखायला दगडाबाई होती. चाळिशीतली, कमी बोलणारी. झाडलोट करायची, आम्हाला चहा द्यायची. पण त्या खोलीत पाऊल टाकायची नाही. कप उंबऱ्यावर ठेवायची आणि वळायची.

आम्हाला वाटलं, कॅमेऱ्याला लाजते.

पहिले काही दिवस बरे गेले. पहिली विचित्र गोष्ट युसूफभाईंना कळली.

युसूफभाईंचं शहागंजात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आवाज टेप करायचं काम सरांनी त्यांना दिलेलं. एका संध्याकाळी ते कानाला हेडफोन लावून दिवसभराचा टेप ऐकत बसले होते. अचानक त्यांनी मला हाक मारली.

"द्वारकाबाई, इधर आओ जरा. ये सुनो."

मी ऐकलं. माझाच संवाद होता. मग माझं गप्प होणं. आणि त्या गप्प जागेत...

चट्.

थोबाडीत मारल्याचा आवाज.

त्या प्रसंगात कुणी कुणाला मारलंच नव्हतं. मी खिडकीशी उभी होते आणि बद्रीनाथ टेबलाशी.

"खिडकी आपटली असेल," मी म्हणाले.

"खिडकी साँस नइं लेती," युसूफभाई म्हणाले. "और सुनो."

चट्... चट्... आणि मग श्वास. बाईचा. दातावर दात दाबून घेतलेला.

"रो रही है?" मी विचारलं.

"नइं. रोती तो अच्छा था." त्यांनी हेडफोन काढला. "दात चबा रही है. गुस्सा है ये."

सरांना सांगितलं तर ते हसले. टेप जुना असेल, आधीचं काहीतरी राहिलं असेल म्हणाले. टेप नवा कोरा होता हे युसूफभाईंनी चारदा सांगितलं. सरांना दुसऱ्या दिवशीच्या प्रसंगाची घाई होती.

दुसऱ्या दिवसाचा प्रसंग मारहाणीचा.

लेखकाला काही सुचत नाही. तो तिला मारतो. ती रडते, आणि तो लिहायला बसतो. सरांच्या मते सिनेमाचा जीव तिथं होता. प्रसंग रात्रीचा. पण रात्री जनरेटरचं जादा भाडं परवडत नव्हतं. म्हणून दुपारी जेवणं झाल्यावर सगळ्या खिडक्यांना, दाराला काळे पडदे ठोकले. एक फट राहिली नाही.

टेबलावर कंदील. कोपऱ्यात दोन दिवे.

बाहेर जनरेटर धडधडत होता. त्याचा आवाज नको म्हणून तो टेकडीच्या उतारावर ठेवला होता, तरी यायचाच.

बद्रीनाथांनी माझ्यासोबत तालीम केली. हात गालाजवळून जाणार, मी मान झटकणार. लागायचा प्रश्नच नव्हता.

"ताई, चुकून जरी लागलं तरी ओरडा," ते म्हणाले. "शूटिंग गेलं खड्ड्यात."

सर म्हणाले, "चालू."

कॅमेरा घरघरला. बद्रीनाथ माझ्यासमोर आले आणि त्यांनी वाक्य म्हटलं. पुस्तकातलं, त्या लेखकाचं स्वतःचं वाक्य.

"रड. तू रडलीस की मला लिहिता येतं."

पडद्यापलीकडं काहीतरी पडून फुटलं. उंबऱ्यावर चहाचे कप असावेत.

आणि मग... जनरेटरचा आवाज थांबला.

दिवे मात्र जळत होते.

कॅमेऱ्याची घरघरसुद्धा ऐकू येत नव्हती. कानात कापूस कोंबल्यासारखं झालं. मी बद्रीनाथांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. मान किंचित मागं वळवून, कुणीतरी कानाशी बोलतंय तसं ऐकत होते.

मग त्यांचा हात आला.

गालाजवळून गेला नाही. गालावर बसला. मी टेबलावर आदळले.

मला वाटलं चुकलं. मी "थांबा!" म्हणून ओरडले. माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

दुसरा फटका कानावर. तिसरा तोंडावर, उलट्या हाताचा. तोंडात काहीतरी कडकन तुटलं. रक्ताची खारट चव आली. मी वाकले तर त्यांनी केस धरून मला वर उचललं आणि भिंतीवर डोकं आपटलं. एकदा. पुन्हा एकदा.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ओठ हलत होते. "नको, नको" म्हणत असावेत.

हात थांबत नव्हता.

पळशीकर सर कॅमेऱ्यामागं उभे होते. त्यांना वाटलं, काय अभिनय चाललाय! त्यांनी थांबवलं नाही. ते नंतर मला म्हणाले की त्यांना सगळं ऐकू येत होतं. जनरेटर, कॅमेरा, माझं ओरडणं. ऐकू येणं फक्त आम्हा दोघांचं गेलं होतं.

मी खाली कोसळले. बद्रीनाथांनी लाथ उचलली.

आणि दिवे गेले. कंदीलही गेला.

ठार अंधार.

माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी घासत गेलं... जाडभरड लुगड्याचा काठ. दुधाचा आणि मेंढरांच्या लोकरीचा वास आला. कुणीतरी मला ओलांडून पुढं गेलं. पाय अनवाणी होते. फरशीवर टाचांचा आवाज मी ऐकला, कारण कान आता मोकळे झाले होते.

मग मारायला सुरुवात झाली.

मला कुणी मारत नव्हतं.

ते फटके हाताचे नव्हते. दगडावर ओला कपडा आपटावा तसे. धप्... धप्... धप्. मध्ये बद्रीनाथांचा आवाज, आधी ओरडण्याचा, मग नुसता घशातला. कुणीतरी "लाईट! लाईट!" करत होतं. कुणी दिव्याच्या खांबाला अडखळून पडलं.

मग धपधप थांबली.

आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. कट्.

बद्रीनाथ किंचाळले.

कट्...

पुन्हा किंचाळले.

युसूफभाईंनी चाचपडत खिडकी गाठली आणि पडदा ओढून फाडला. पांढरंफेक ऊन आत आलं.

त्या उन्हात आम्ही जे पाहिलं ते आजही मला डोळे मिटले की दिसतं.

बद्रीनाथ गुडघ्यांवर होते. चेहरा फुटलेला, एक डोळा दिसतच नव्हता. उजव्या हाताची बोटं उलटी, मनगटाकडं वळलेली. पण ते पडत नव्हते. त्यांचे दोन्ही खांदे मागं ओढलेले होते, बगलेतून हात घालून कुणी घट्ट धरल्यासारखे.

मागं कुणी नव्हतं. भिंत होती.

दारातला पडदा बाजूला झाला. दगडाबाई आत आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बद्रीनाथांच्या समोर, रिकाम्या जागेकडं बघत ती उभी राहिली. तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता.

"आक्का... सोड. ह्यो त्यो नव्हं. सोड गं त्याला."

बद्रीनाथांचे खांदे तसेच ओढलेले राहिले.

"आक्का, म्या दगडी हाय. तुझ्या पाया पडते. ह्यो लेकरावाणी माणूस हाय. त्यो नव्हं ह्यो."

बद्रीनाथ एकदम सैल पडले. तोंडावर.

त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना सांगितलं, दिव्याचा खांब अंगावर पडला. दुसरं काय सांगणार होतो?

माझ्या तोंडाला टाके घालून झाल्यावर दगडाबाई माझ्या खाटेशी येऊन बसली. तेव्हा तिनं सांगितलं.

तिची थोरली बहीण सारजा. त्या लेखकाला दूध घालायला जायची. मग तिथंच राहायला लागली. "तुमच्या पुस्तकात लिवलंय ना, ताप आला आन मेली? ताप नाय, काय नाय. लई मारायचा त्यो. मारायचा आन लिवायचा. ती रडायची नाय म्हणून आजून मारायचा. एका दिवशी मारता मारताच गेली ती."

"मग तो?"

"त्यो बी महिनाभरात मेला, पुस्तक पुरं करून. त्याच खोलीत. म्याच पयल्यांदा पायला त्याला, बारकी व्हते. काळं बूट पायात तसंच व्हतं. बोटं मोडल्याली व्हती त्याची. समदी."

"कुणी मारलं त्याला?"

"तुमी व्हता की तिथं," ती म्हणाली. "लुगडं लागलं नाय का तुमाला?"

मी तिला लुगड्याचं काही सांगितलं नव्हतं. तोंडाला टाके होते, ती येईपर्यंत मी कुणाशीच बोलले नव्हते.

सिनेमा तिथंच बंद पडला. पळशीकर सर पुण्याला गेले, पुन्हा आले नाहीत. युसूफभाईंनी त्या दिवसाचा टेप दुकानात एकट्यानं ऐकला आणि पुसून टाकला. काय होतं, मी कधी विचारलं नाही.

बद्रीनाथांचा तो हात कामातून गेला. डाव्या हातानं सही करायला शिकले, नोकरी टिकवली. माझ्याशी नजर मिळवायला त्यांना फार वर्षं लागली. मी त्यांना कधी दोष दिला नाही. माझं लग्न झालं, मी चिकलठाण्याला राहायला आले, दोन्ही घरांचं जाणं-येणं झालं. पण त्या दिवसाबद्दल आम्ही बोलत नव्हतो.

बोललो फक्त एकदा. दोन वर्षांपूर्वी. ते आजारी होते. घरातले बाहेर गेले होते.

"द्वारकाताई," ते म्हणाले, "ती मला मारत नव्हती."

"मग?"

"माझ्या मागं जो होता, त्याला मारत होती. त्यानं मला धरून पुढं केलं होतं. ती मारायला आली की तो मला पुढं करायचा. डाव्या बाजूनं आली की डावीकडं, उजवीकडून आली की उजवीकडं... फटका माझ्यावरच बसायचा. तिला दिसत होतं की मी मध्ये आहे. ती थांबायची. मग तो हसायचा. माझ्या मानेवर त्याचा श्वास लागायचा."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"ती तिथंच राहिली, टेकडीवर. बहिणीचं ऐकून तिनं सोडलं." त्यांनी डोळे मिटले. "पण त्यानं मला सोडलं नाही, ताई. तो मला धरूनच जीपमध्ये बसला. माझ्या आडून आला तो. इतकी वर्षं मी घरात कधी आवाज चढवला नाही. बायकोवर नाही, पोरावर नाही. आवाज चढला की मागची पकड घट्ट होते."

मी त्यांच्या पाठीला उशी होती ती नीट केली.

गेल्या वर्षी बद्रीनाथ गेले.

मी दहाव्याला गेले तेव्हा सगळं ठीक होतं. त्यांचा मुलगा बन्सी बापासारखाच. शांत, हसरा. मी त्याला लहानपणापासून बघितलंय. त्याची बायको रेणुका गुणी पोरगी.

या दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन गेले. दार रेणुकानं उघडलं. तोंडावर पदर होता. आत गेल्यावर पदर सरकला.

"दार लागलं, काकू," ती म्हणाली.

मी तिच्या दंडावरची बाही वर केली. मग काही विचारलं नाही. पिशवीत तिचे चार कपडे भरले आणि तिला माझ्या घरी घेऊन आले.

हे त्या टेकडीवरून आलेलं आहे, की बन्सी मुळातच असा होता आणि आम्हाला कळलं नाही? देवाशपथ मला माहीत नाही. कुठलंही खरं असलं तरी ती पोरगी त्या घरात जाणार नाही, एवढं माझं ठरलेलं आहे.

काल संध्याकाळी बन्सी तिला न्यायला आला.

मी खिडकीतून पाहिलं. ओट्यावर उभा राहून हात जोडत होता. रडत होता. "काकू, मला कळत नाही मला काय होतं. तिला एकदा बाहेर पाठवा. मी एकटाच आलोय."

रेणुका माझ्या मागं उभी होती. ती पुढं निघाली. मी तिचा हात धरला आणि कडीला हात लावला नाही.

बन्सी अनवाणी उभा होता. आमच्याकडं येताना तो पहिल्यापासून पायरीखाली चपला काढतो.

पायरीखाली त्याच्या चपला होत्या.

आणि त्यांच्या मागं, अगदी चिकटून... काळ्या चामड्याचे जुने बूट.