लागतं का?

मान.

परळच्या इस्पितळात लेझरच्या खोलीबाहेर ऋतिका गळ्याशी ओढणी घट्ट धरून बसली होती. शेजारच्या तरुणाच्या दंडावर गोंदलेलं होतं – ‘प्राची’.

"पुसायला आलात?" तिला राहवलं नाही.

"हो ना. प्राची कॅनडाला गेली, नाव राहिलं लालबागला. मी हितेंद्र."

"दुसरी प्राची शोधायची! स्वस्तात पडलं असतं."

तो हसला. ओढणीतून डोकावणाऱ्या पट्टीकडे पाहत हळूच म्हणाला, "हे... लागतं का?"

तिचं हसू विझलं.

"नाही लागत कुणाला! बसा खुशाल जवळ. आणि मासळी खाल्ल्यानेही होत नाही. आम्ही शीव कोळीवाड्याचे, पण हे घराण्यातून आलंय. घाम आला की कातडी सोलते. झालं समाधान?"

"अहो... दुखतं का, विचारत होतो. लेझर. मला सुईनेही घेरी येते."

...धरणी दुभंगावी असं झालं तिला.

उजवी काख.

"आज कुठे?" हितेंद्रने विचारलं.

"नाही सांगणार."

"म्हणजे काख."

"गप रे!"

कँटीनमध्ये चहा. नजर चुकवणं. पुन्हा चहा. आणि मग तो, बशीत बघत – "आई तुला भेटायचं म्हणतेय."

तिने कप खाली ठेवला. गेल्या वर्षी तिचं ठरलेलं लग्न मोडलं, ते तिच्या आईने हा आजार लपवला म्हणून.

डावी काख.

"ऐक. लेझरने कातडी सुधारते, रक्त नाही. आजोबांना होतं, आईला आहे, मला आहे. उद्या मूल झालं तर... त्यालाही. कदाचित. निम्मी शक्यता."



"ऋतिका!" सिस्टरने हाक मारली.

डोळ्यांवर काळा चष्मा. जळका वास. कातडी बधिर होती, कान नव्हते – ते दाराकडे लागलेले.

बाहेर आली. खुर्ची रिकामी.

जिन्यात त्याचा आवाज... "हो आई, पोरांनाही होऊ शकतं. नाही, लपवलं नाही, तिनेच सांगितलं." फोन खिशात ठेवून तो वळला.

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. गप्प झाली."

"आणि तू?"

"घाबरलोय गं. खोटं कशाला बोलू? पण घाबरायचंच तर... तुझ्या बाजूला बसून घाबरेन. आयुष्यभर. चालेल?"

ताज्या पट्टीमुळे डावा हात अंगाला टेकवता येत नव्हता; ती तो कमरेवर ठेवून, भांडायला उभी राहिल्यासारखी उभी होती.

कोपराच्या त्या फटीतून त्याने अलगद आपला हात घातला.

"हळू रे," ती म्हणाली. पण हात तसाच राहू दिला.